शेवटच्या पानावरचं तोंड

ही गोष्ट १९५६ सालची. मी एकोणीस वर्षांची होते आणि आमच्या घराच्या तळमजल्यावर बाबांचा छापखाना होता. शाईचा, रॉकेलचा आणि ओल्या कागदाचा वास जिन्यावरून वर यायचा. आजही कुठं रॉकेल सांडलं की मला भूक लागते, कारण छपाईयंत्राचे रूळ रॉकेलनं पुसायला घेतले की जेवणाची वेळ झालेली असायची.

बाबा सगळ्यांना "गप्प!" म्हणायचे. खिळे जुळवणारा जुळारी काही विचारायला आला की गप्प. आई सांगायला लागली की गप्प. कामगार पाठीमागे त्यांना गप्पसाहेब म्हणत. मला मात्र ते आवडायचे. माझ्या वाट्याचं 'गप्प' जरा हळू असायचं.

खिडकीपाशी आत्या बसायची, बाबांची धाकटी बहीण. मासिकांसाठी ती लाकडी ठोकळ्यांवर चित्रं कोरायची. तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यावर तीळ होता, आणि त्या तोंडातून कधी काय बाहेर पडेल याचा नेम नसायचा. त्या वर्षी तिनं स्वतःचं पुस्तक काढायचं ठरवलं. मुलांचं पुस्तक, पण त्यातली सगळी माणसं खडूस आणि पानागणिक एकेकाची फजिती. भाडेकरूंच्या दाराला कान लावणाऱ्या घरमालकाचा कान किल्लीच्या भोकात अडकून दोरीसारखा लांबत जातो. तराजूवर हळूच अंगठा दाबणाऱ्या वाण्याचा अंगठा भोपळ्याएवढा होतो आणि तो स्वतःच्याच दुकानात अडकतो.

"आत्या, हा तर आपला कोपऱ्यावरचा वाणी!" मी हसून लोळायची बाकी होते.

"मग काय करू? मनातून काढलेली तोंडं बटाट्यासारखी होतात. मला जिवंत माणूस लागतो."

पहिले फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, वाळत घातले, त्या आठवड्यात आमचे घरमालक कानाला फडकं बांधून फिरू लागले. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसली. आम्हीही हसलो. मग मी साखर आणायला गेले, तर वाणी हात मांडीवर ठेवून बसला होता. अंगठा सुजून चकचकीत झाला होता.

"काही चावलंय का?" मी विचारलं.

"चावायला कुणी जवळ तर यायला पाहिजे," तो म्हणाला. त्याला हसू आलं नाही.

घरी येऊन मी आत्याला सांगितलं. तिनं कोरणी खाली ठेवली.

"कुठला अंगठा?"

"डावा."

"तो तर उजव्यानं दाबतो."

तिनं वाळत घातलेला कागद ओढून खिडकीत धरला. छापताना डाव्याचं उजवं होतं, म्हणून चित्र ठोकळ्यावर उलटं कोरावं लागतं. वाण्याच्या वेळी ती ते विसरली होती. कागदावर अंगठा डावा उमटला होता.

आत्यानं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "शेवटचं पान छापलं का कुणी?"

"बाबांनी सकाळीच नमुना काढला. खूप हसले. म्हणाले, हा खडूस झकास जमलाय."

शेवटच्या पानावर सगळ्यांना गप्प करणारा माणूस होता. एके दिवशी त्याचं तोंडच नाहीसं होतं, आणि तो भरल्या ताटासमोर बसून राहतो. चष्मा, टक्कल, भुवया, सगळं बाबांचं. त्यांना स्वतःला तेवढं ओळखू आलं नव्हतं.

"त्यांचंच का काढलंस गं?"

"माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मी एकदाच तोंड उघडलं होतं," आत्या म्हणाली. "तेव्हा दादा काय म्हणाला असेल, ओळख."

संध्याकाळी बाबांचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी त्यांना घास घेता येईना. जबडा धरलाय, असं डॉक्टर म्हणाले. मी चमच्यानं ओठांच्या कोपऱ्यातून पाणी सोडत होते. मग कोपरा सापडेना. ओठ होते तिथं कातडी गुळगुळीत होत चालली होती. बाबा माझा हात धरून नुसते डोळ्यांनी बघत होते.

मी धावत खाली आले. "ठोकळा जाळून टाक!"

"जाळला तर दादा कायमचाच तसा राहील."

"मग तोंड कोर!"

"कोरून काढलेलं लाकूड परत येत नाही गं."

तरी तिनं सुताराचा गिरमिट मागवला. ठोकळ्यातल्या चेहऱ्याला भोक पाडलं, त्यात त्याच लाकडाची खुंटी ठोकून घासून सपाट केली. दुपारचं ऊन तिच्या हातावर होतं. कोरणी खुंटीवर टेकली आणि थांबली.

जिवंत तोंड हवं होतं. बाबांचं आता उरलं नव्हतं.

"माझं घे," मी म्हणाले.

"गप्प," आत्या म्हणाली.

ती असं कधीच म्हणत नसे.

तिनं भिंतीवरचा आरसा काढून समोर ठेवला आणि त्यात बघत कोरलं. आरशात बघून कोरल्यामुळे या वेळी उजवं उजवंच उमटणार होतं.

तिनं शाई लावून कागद ठेवला, दाबला, उचलला.

वरून बाबांनी पाणी मागितलं.

मी आत्याकडे वळले. तिनं हात तोंडावर ठेवला होता.

वाण्याचा अंगठा उतरला, पण तराजू त्यानं मुलाच्या हाती दिला. घरमालक घर विकून गेले. पुस्तक खूप चाललं. ज्यांनी लहानपणी वाचलं, ते अजून हसत त्याची आठवण काढतात. आत्याचं तोंड जागेवरच राहिलं, ती जेवायची, खायची; पण त्या दिवसानंतर तिनं एक शब्द काढला नाही. बाबा आणखी वीस वर्षं जगले. त्यांच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यावर तीळ आला होता, आणि ते फार मजेदार बोलायला लागले होते. कामगार पोट धरून हसायचे. आई कधी हसली नाही.

बाबा गेले त्या सकाळी ठोकळ्यातली खुंटी निसटून जमिनीवर पडलेली मला सापडली. मी ती उचलत होते तेव्हा शेजारच्या खोलीतून आत्यानं मला हाक मारली, अगदी पूर्वीच्या आवाजात. पुढं ती मरेपर्यंत बडबडत राहिली.

ती खुंटी मी काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवली आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी मी डबी बघते, तेव्हा काच आतून धुरकटलेली असते.