चार नंबरची कॅसेट

वाशीच्या सेक्टर नऊमधल्या एका गाळ्यात दुपारी दोन ते चार वर्ग भरायचा. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की टीव्हीवरचं चित्र थरथरायचं. बाहेर पाटी होती, ‘नर्सिंग असिस्टंट, तीन महिन्यांत’. आत ना डॉक्टर, ना पेशंट. एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि बारा कॅसेटी. ताप बघायची एक, इंजेक्शनची एक, बीपीची एक. चार नंबरची पोट तपासायची. स्मिता मॅडम कॅसेट आत ढकलायच्या, “नीट बघा, परीक्षेला हेच येणार, टेन्शन घेऊ नका,” म्हणायच्या आणि बाहेर जाऊन बसायच्या. चौऱ्याण्णव साली नव्या शहरात असं बरंच काही तीन महिन्यांत मिळायचं.

शालन पुढच्या सतरंजीवर बसायची. साताऱ्याकडची, सातवी पास. नवरा भैरू तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. तिनं स्वतः चार वर्षं तिथं बटाटा निवडला होता. पोत्यावर हात दाबून आतला नासका बटाटा नेमका कुठं आहे ते ती सांगायची. व्यापारी हसायचे, मग पोतं फोडायचे, मग हसायचे थांबायचे.

एकमेकींसमोर पोट उघडं टाकून झोपायला वर्गातल्या बाया तयार होईनात. शेवटी शालननं बाजारातून बटाट्याचं अर्धं पोतं आणलं. ते फरशीवर आडवं टाकलं, त्यावर खडूनं पोटाचे नऊ चौकोन आखले, आणि पंधरा बाया गुडघे टेकून त्या पोत्यावर पोट तपासायला शिकल्या. एका हातावर दुसरा हात ठेवायचा, बोटं सपाट, हळूहळू दाबायचं.

“याला कितवा महिना हाय गो?” करावे गावची राजाबाई विचारायची, आणि सगळ्या खिदळायच्या.

शालन हसायची नाही. ती पोतं शिकत नव्हती, भैरू शिकत होती.

तीन आठवडे भैरूला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा. उजव्या कुशीत ठणकायचं, कळ उजव्या खांद्यात जायची. खांद्याचं काय, शंभर किलोची पोती वाहणाऱ्याचा खांदा दुखणारच, असं तोही म्हणायचा आणि डॉक्टरही. डॉक्टर म्हणजे बाजाराबाहेरच्या रस्त्यावरचे विश्वजित डॉक्टर. टेबलापलीकडं बसून, मान वर न करता ते चिठ्ठी लिहायचे. गॅसची गोळी. पुढच्या खेपेला दोन गोळ्या. तीन खेपांत त्या माणसानं भैरूच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. माथाड्याच्या अंगाला हात लावला की हाताला कांद्याचा वास लागत असेल. पोट भरायला मात्र त्याच कांद्याचा पैसा चालतो, तो बरा वास मारत नाही!

चार नंबरची कॅसेट सव्वीस मिनिटांची. हिरवी चादर, त्यावर उताणा पडलेला उघडा पुरुष. तोंडावर टॉवेल. लाज राखायला नव्हे, तोंड कुणाचं ते कळू नये म्हणून. पण मानेशेजारी खांद्यावर पोत्यानं पडलेला जाड घट्टा दिसत होता. तो शालननं बघितला आणि ओळखलं, हा माथाडीच. असल्या कामाला आमचीच माणसं मिळतात. दोन गोरे, स्वच्छ हात कडेनं यायचे, चौकोनामागून चौकोन दाबायचे. आवाज विचारायचा, “इथे दुखतंय?” आणि आवाजच उत्तर द्यायचा, “पेशंट नाही म्हणतो. नॉर्मल.” माणूस गप्प. त्याला कुणी बोलायलाच सांगितलं नव्हतं.

सोमवारी असं होतं. शालननं वहीत उतरवून घेतलं होतं.

मंगळवारी सहाव्या चौकोनाशी हात आले आणि टॉवेलखालून कुणीतरी श्वास आत ओढला. गिरणी त्या वेळी बंद होती.

बुधवारी तिथंच टॉवेलखालून आलं, “हितं.”

“पेशंट नाही म्हणतो. नॉर्मल,” आवाज म्हणाला आणि हात पुढं सरकले.

राजाबाईनं शालनच्या मांडीला चिमटा काढला. “अगो, सोमवारी हा बोलत नव्हता ना?”

मॅडमना बोलावलं. त्यांनी रिवाइंड करून बघितलं. माणूस गप्प पडलेला. “तुम्ही जेवून येता आणि पेंगता,” मॅडम म्हणाल्या. “राजाबाई, उद्यापासून मासे खाऊन येऊ नका, वर्गभर वास येतो.”

“माजा वास येतो नि त्याचा आवाज नाय येत, वा गो!” राजाबाई पुटपुटली.

गुरुवारी सकाळी शालन भैरूला घेऊन चौथ्यांदा दवाखान्यात गेली. भैरूचे डोळे पिवळसर दिसत होते. विश्वजित डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, “काही नाही. नॉर्मल.”

शालन उठायच्या बेतात होती, ती खाली बसली. तोच आवाज. तिनं टेबलावरचे हात बघितले. तेच हात, गोरे, स्वच्छ.

“डाक्टर, तुमी टीव्हीत हात लावता. मग हितं का लावत न्हाई?”

पेन थांबलं. “कुठला टीव्ही?”

“पोट तपासायची कॅसेट. तुमीच हाय त्यात. त्यो मानूस सांगतोय, हितं दुखतंय. तुमी ऐकत न्हाई, पुढं जाताय.”

पहिल्यांदाच डॉक्टरांनी मान वर केली. “त्यात पेशंट बोलत नाही. आवाज मी नंतर एकट्यानं भरलाय.”

“बोलतोय. बुधवारी बोलला. कोन व्हता त्यो? कुटं असतो आता?”

डॉक्टरांनी घंटी दाबली. “पुढचा.”

बाहेर आल्यावर भैरू म्हणाला, “कशाला भांडतीस शाले? उद्या ह्यो चिठ्ठी देनार न्हाई मला.”

“देऊ नको म्हनावं. चिठ्ठी काय चाटायचीय?” शालन एवढ्या मोठ्यानं बोलली की रस्त्यावरच्या हमालांनी वळून बघितलं.

त्या दुपारी ती वर्गाला आली ती टीव्हीच्या हातभर अंतरावर बसली. मॅडमनी कॅसेट घातली आणि त्या बाहेर गेल्या.

हिरवी चादर. टॉवेल. पण आज पोट फुगलेलं होतं, उजवी बाजू वर आलेली. चौकोन एक, नॉर्मल. दोन, नॉर्मल. पाच, नॉर्मल.

सहाव्या चौकोनाशी हात आले.

चादरीवरचा माणूस हलला. त्याचा रुंद, काळा, भेगाळलेला हात वर आला. त्यानं डॉक्टरांचं मनगट धरलं.

मागं कुणीतरी “आई गं” म्हणालं.

आवाज काहीच म्हणाला नाही.

काळ्या हातानं तो गोरा हात उचलला. पोटावरून काढून वर, उजव्या बरगड्यांवर नेला. दोन बरगड्यांच्या मधल्या खाचेत त्या गोऱ्या हाताचं एक बोट ठेवलं. दाबलं.

टॉवेल तोंडाबरोबर आत ओढला गेला. बाहेर आला. आत ओढला गेला. मग आत गेला तो तसाच राहिला.

चित्र थांबलं नव्हतं. कोपऱ्यातले आकडे पळत होते. शालन बघत राहिली, पण तो टॉवेल काही परत वर आला नाही.

ती उठली आणि चप्पल न घालता निघाली.

तुर्भे स्टोअरच्या वस्तीतल्या खोलीत भैरू फरशीवर गोधडी टाकून पडला होता. तिनं त्याचा सदरा वर केला. शेजारी गुडघे टेकले, पोत्यापाशी टेकायची तसेच. एका हातावर दुसरा हात. नऊ चौकोन तिनं केले नाहीत. सरळ बरगड्यांवर गेली. पहिली खाच, दुसरी, तिसरी. तिच्या बोटांखाली मऊ लागलं. बटाटा असता तर तिनं पोतं फोडायला सांगितलं असतं.

तिनं दाबलं. भैरू असा ओरडला की शेजारची यशोदाबाई लाटणं हातात घेऊनच धावत आली.

रिक्षानं वाशीचं मोठं हॉस्पिटल. यकृतात पू झाला होता, वाटीभर नव्हे, लोटाभर. सुई घालून काढला तेव्हा तो चॉकलेटी रंगाचा निघाला. तरुण डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, “आणखी एक-दोन दिवस गेले असते तर आतल्या आत फुटलं असतं. इतके दिवस कुणी हात लावून बघितलं नाही यांना?”

“न्हाई,” शालन म्हणाली. “तपासाया येतंय त्यास्नी, पर हात लावत न्हाईत.”

बाईंनी भरती करून घेताना भैरूला तपासलं होतं, ते शालनच्या डोळ्यांपुढून जाईना. बाईंनी उजवा हात पोटावर ठेवला होता आणि डावा पाठीखाली सरकवला होता, आधाराला. हे तिनं कधी बघितलं नव्हतं. कॅसेटीत डावा हात कधी दिसलाच नव्हता, आणि फरशीवरच्या पोत्याखाली कोण हात घालणार? पंधरा बायांपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं. पण बाईंनी हात घालताना मधेच थांबून काढून घेतला होता, भुवया आक्रसून गादीकडं बघितलं होतं, मग परत घातला होता.

तिसऱ्या दिवशी भैरूनं पेज मागून घेतली. ताप उतरला होता. शालन चमच्यानं भरवत होती.

“शाले,” तो म्हणाला, “तू घरी पोट दाबत व्हतीस, तवा लई दुखलं. पर पाठीखालनं धरलं व्हतंस त्यानं जीव ऱ्हायला बघ.”

चमचा वाटीत राहिला. “मी न्हाई पाठीखालनं धरलं. माजं दोनी हात वर व्हतं.”

“त्ये बघितलं मी. पाठीखालचा हात थंडगार व्हता गं. खरबरीत. रिक्षात बी व्हता. हितं खाटेवर घातलं तवा बी.”

“मग?”

“मग डाक्टरीनबाईंनी खालनं हात घातला नव्हं का,” भैरू म्हणाला, “तवा त्यानं सरकून जागा दिली त्यास्नी.”