अडकलेलं बटण

"कोनी हाय का बे चॅनलवर?"

एका सकाळी सेटमधून हा आवाज टपकला आणि मंजुश्रीच्या हातातला चहा सांडला. जानेफळच्या शेतात मोबाइलला रेंज नाही, म्हणून बाबांनी घर आणि मळा जोडायला सीबी रेडिओचे सेट घेतलेले. त्यावर हा आगंतुक कोण?

"बे कोनाले म्हनतं रे?"

"चुकलं, ताई—"

"ताईबी नको म्हनू!"

झालं! त्या दिवसापासून मेहकरचा प्रसेनजित, मोटार रिवायंडिंगवाला, रोज सकाळी हजर. त्यानंच तिला आपल्यासोबत हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या लायसनच्या, परीक्षेला बसवलं. दोघं पास झाले, लायसन आलं, आणि तिथंच माशी शिंकली. सीबीवर तोंडाचा पट्टा सोडणारा हा गडी हॅमवर एकदम सरकारी! सकाळी सगळे हॅमवाले एकत्र बोलत, मलकापूरचे कापड दुकानवाले रंगरावकाका एकेकाला पुकारत, त्यांच्यासमोर हा म्हणे, "मॅडम, आपला सिग्नल उत्तम." मॅडम! मंजूला वाटे, आपणच वेड्यासारखा जीव लावला की काय…

आज तो तिच्या अँटेनाची लोंबलेली तार ओढायला येणार होता. मंजूनं रागारागात माइक गादीवर आपटला, वर उशी फेकली आणि वहिनीजवळ, काजलजवळ, मन मोकळं केलं.

"येऊ दे त्याले! तारच ओढंल अन् जाईल. मले तो आवडते वहिनी, लय आवडते… अन् त्याले मी मॅडम!"

दारात फटफटी करकचून थांबली. प्रसेनजित धापा टाकत आत आला, कमरेला छोटा सेट, चेहरा लालबुंद.

"मंजू, आधी ते माइकचं बटन सोड! उशीखाली दबलं हाय. फाट्यापासून ऐकून राह्यलो मी… अन् सारेच ऐकून राह्यले!"

मंजूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बटण दबलेलं असलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं, दुसऱ्याचं काही आपल्याला येत नाही. कुणी सांगणार तरी कसं?

तो उशीकडे वाकला. तिनं त्याचा हात धरला.

"थांब. माह्यं साऱ्यायनं ऐकलं. आता तुह्यंबी ऐकू दे. मॅडम काऊन म्हनत होता?"

"काकायसमोर भेव वाटे… नाव घेतलं असतं तं आवाजातून समजलं असतं."

"काय समजलं असतं?"

त्यानं उशी उचलली, बटण दाबलेलंच ठेवून माइक तोंडाजवळ धरला. "मले मंजू आवडते. सीबीपासून."

मग बटण सोडलं. सेट खरखरला आणि रंगरावकाका गरजले, "पोरायहो, बस्ता मलकापुरातच बांधा, सांगून ठेवतो!"

काजल हसत सुटली, आणि मंजूनं लाजून तोंड लपवलं, ते थेट प्रसेनजितच्या खांद्यात.