जुन्या अ‍ॅम्पची घूं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर अ‍ॅम्प बदलावा का, या प्रश्नाला मी हल्ली उत्तर देत नाही. बसा. ही घूंऽ ऐकू येतेय ना, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती मुद्दाम चालू ठेवलीय.

गोष्ट गेल्या माघातली. माझ्या मुलीचं, उन्नतीचं लग्न ठरलं होतं आणि मला एकच वेड लागलं होतं. तिच्या हळदीला माझ्या आईचा आवाज वाजवायचा. आई, राहीबाई, आमच्या पूर्णा गावातली नावाजलेली धवलारीण. आम्हा आगऱ्यांत लग्नाला धवले गाणारी बाई लागते. ती देवांना बोलावते, तशी घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन मांडवात बोलावते.

सत्तावीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या तोंडावर, मी तिला खोलीत बसवून कॅसेट भरली होती. दार बंद, आत आम्ही दोघंच. नावं घेता घेता ती मध्येच थांबली, "पुरे रं," म्हणाली आणि उठली. पुन्हा गा म्हटलं तर "न्हाय" म्हणाली. पंधरा दिवसांत गेली. माझी हळद तिने पाहिलीच नाही.

तेव्हापासून ती कॅसेट मी या जुन्या अ‍ॅम्पवर ऐकत आलो. आई कायम या घूंच्या पलीकडून गायची, पडद्याआडून गावी तशी. शेवटी निजामपुऱ्यातला हिरामण, माझा जुना मेकॅनिक, नवा अ‍ॅम्प घेऊन आला.

"शेठ, एक दिवस आयका. आवडला तर जुना मी नेतो. आन आवडंलच."

मी मुद्दाम शुक्रवार निवडला. घरामागे चुलतभावाचा कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. आठवड्यातून तेवढा एकच दिवस खटखट बंद असते. बायको आणि उन्नती लग्नाच्या खरेदीला गेलेल्या. वायरी जोडताना, खोटं कशाला बोलू, मला निव्वळ आनंद होत होता. शाळेतल्या पोराला सायकल मिळावी तसा मी त्या डब्याभोवती फिरत होतो.

प्ले दाबलं. आणि आई खोलीत आली.

दुसरं कसं सांगू? बांगड्या किणकिणल्या. तिने पदर सावरला, ते लुगडं सरसरलेलं ऐकू आलं. गळा खाकरला. मी रडत होतो आणि हसतही होतो. सत्तावीस वर्षं मी हे काय ऐकत बसलो होतो, असं झालं. हिरामणला फोन करून जुना उचल म्हणून सांगायला मोबाइल हातातही घेतला.

मग आई नावं घेऊ लागली. "बाळाराम बाबा, या मांडवाला…" माझे आजोबा. त्यानंतर एक बारीक फट होती. जुन्या अ‍ॅम्पवर तिथे नुसती घूं असायची.

आता तिथे कुणीतरी बोललं. हळू, कोरडं, कानाशी लागून सांगावं तसं. "जानकी…"

"जानकी आये, या मांडवाला…" आई गायली.

पुन्हा फट. पुन्हा तो आवाज. बाप्याचा की बाईचा, कळेना. तो एकेक नाव सांगत होता आणि आई ते घेत होती. सगळी मेलेली माणसं. खोलीत आम्ही दोघंच होतो हो… मला पक्कं आठवतं.

मग त्याच कोरड्या आवाजात आलं, "राही…"

आईचा श्वास अडकला. तो अडकलेला श्वाससुद्धा त्या अ‍ॅम्पने स्वच्छ ऐकवला. मग, "पुरे रं."

टेप अजून फिरत होती. पुढचं नाव सांगायला तो आवाज ओठ उघडत होता… मी प्लगच उपटला.

संध्याकाळी हिरामण नवा अ‍ॅम्प परत न्यायला आला. "काय बिघाड हाय?"

"काही नाही. फार चांगला आहे," मी म्हणालो.

हळदीला कॅसेट लावलीच नाही. गोदूबाईला बोलावलं. ती आता गावातली धवलारीण, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. डीजेच्या सामानाला जागा हवी म्हणून हा जुना अ‍ॅम्प त्या दिवशी काढून ठेवला होता. गोदूबाई छान गात होती. बाळाराम, जानकी, सगळे आले. "राहीबाय, या मांडवाला…" माझे डोळे भरले. आणि ती थांबली. मान कलती करून ऐकत राहिली.

मी जवळ गेलो. "गोदूबाय, गा ना."

"फुढचा नाव कानान आला…" ती माझ्याकडे बघून कुजबुजली. "मी न्हाय घेत."

"कुणाचं?"

"इचारू नको, पोरा." तिने पदर तोंडाला लावला आणि पुढे गायलीच नाही.

पाहुणे पांगताच मी हा अ‍ॅम्प जोडला. तो आजतागायत बंद केलेला नाही. घूं चालू असली की बाकी काही ऐकू येत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर मात्र घूं येत नाही, करून पाहिलं. आवाजाचं विचाराल तर नव्याला तोड नाही, जरूर घ्या. त्या बांगड्या आठवल्या की अजून अंगावर काटा येतो, सुखाचा.

आज शुक्रवार ना? मागचे लूम बंद आहेत. दुरुस्तीसाठी चारला लाइट जाणार, असा सकाळी मेसेज आलाय. तुमच्या घड्याळात किती वाजले?