तिसऱ्या गिअरवरचा हात

हे मी रंगवून सांगत नाहीये. रंगवण्याइतकं अंगात काही उरलेलंही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, लख्ख उन्हात, आमच्या रोजच्या रस्त्यावर. तुम्हाला पटलं तर बघा.

आमची लाँड्री आहे. टेकडीवरच्या हॉस्पिटलातून चादरी आणायच्या, धुवायच्या, इस्त्री करून परत पोचवायच्या. काम बाबांनी सुरू केलेलं. त्यासाठी त्यांनी एक व्हॅन घेतली होती, त्यांच्या तरुणपणीची. गोल दिवे, फुगीर नाक, समोरून बघितलं तर बेडूक. बाबा तिला इतकं जपायचे की आई तिला सवत म्हणायची.

बाबा अचानक गेले.

सकाळी चहा मागितला. आई कप घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं.

आई रडली नाही. तिने चहा मोरीत ओतला, कप धुतला आणि पालथा घालून ठेवला. त्यानंतर विचारलं तर बोलायची, नाहीतर नाही. माझंही तसंच झालं होतं. आतून कापूस भरल्यासारखं वाटायचं.

पण चादरी कुणासाठी थांबत नाहीत. मी व्हॅन चालवायला घेतली.

तिचा गिअरबॉक्स पार झिजला होता. टेकडी उतरताना तिसरा गिअर सटकायचा. खट्... आणि गाडी न्यूट्रल. मग सगळा भार ब्रेकवर. बाबा उतार संपेपर्यंत डाव्या हाताने गिअरचा दांडा दाबून धरायचे. मला ते जमेना. एकदा समोरून ट्रक आला आणि नेमका तेव्हाच गिअर सटकला. कशीबशी वाचले.

ताईचा नवरा मेकॅनिक आहे. भाऊजी म्हणाले की या बॉक्सचे भाग आता शोधूनही मिळायचे नाहीत, त्यापेक्षा नवीन पाच गिअरचा बसवू. भंगारातून त्यांनी एका नव्या मॉडेलच्या व्हॅनचा बॉक्स आणला. काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. इंजिनाची आणि बॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे एक जाड प्लेट बनवून घेतली. बॉक्स लांब निघाला, म्हणून मागचा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला. दांडाही वीतभर मागे आला. तिथे पत्रा कापला आणि जुनं भोक बुजवलं.

"म्हातारीचे गुडघे बदलले," भाऊजी म्हणाले. "आता पळेल."

खरंच पळाली. गिअर लोण्यासारखे पडत होते. सपाट रस्त्यावर पाचवा टाकला की इंजिन गप्प, गाडी तरंगल्यासारखी.

मग टेकडी आली.

चढताना काही नाही. चादरींचे गठ्ठे भरले, परत निघाले. उताराला तिसरा टाकला. मधे थोडा सपाट भाग आहे, तिथे चौथा टाकायला दांडा ओढला...

आला नाही.

अडकला म्हणावं तर तसंही नव्हतं. अडकलेला दांडा कसा लागतो ते मला माहीत आहे. हा थोडा यायचा... आणि हळूच परत जायचा.

कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.

आणि आवाज गेला. त्या गाडीत पत्रे वाजतात, मागचं दार वाजतं, काचा वाजतात. काही म्हणता काही वाजत नव्हतं.

मी दांड्याची मूठ चाचपली. दुपारभर उन्हात उभी होती गाडी...

मूठ गार होती.

उतार संपला तसा दांडा सैल झाला. दार पुन्हा वाजायला लागलं.

मी घाबरले नाही, आणि हेच मला आता विचित्र वाटतं. मी फक्त मनात म्हटलं, बाबा असतील. ते असेच धरायचे.

भाऊजींना एवढंच सांगितलं की गिअर जड जातोय. त्यांनी स्वतः उतारावर गाडी नेऊन बघितली. काही झालं नाही. बॉक्स खोलून बघितला. दाते नव्यासारखे होते. तेल बदलून त्यांनी गाडी परत दिली.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

मग मला सवय झाली. उतारावर मी दांड्यावर हात ठेवायची आणि बाबांना एकेक सांगायची. मोठं मशीन गळतंय, इस्त्रीवाली रजेवर गेलीय, आई जेवत नाही. घरात जे बोलता येत नव्हतं ते तिथे यायचं. उतार संपला की गप्प.

आईला सांगावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. ऐकून ती रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर बरंच झालं असतं.

तिने ऐकून घेतलं. भाजी निवडत होती, ती पूर्ण केली. मग चप्पल घातली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली.

उताराला तिसरा टाकून मी हात काढला. आईचा हात धरून मुठीवर ठेवला.

आवाज गेला...

आई समोर रस्त्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर काही हलतंय का म्हणून. काही हललं नाही. फक्त तिची बोटं जराशी पसरली, आणि परत मिटली.

खाली येऊन मी गाडी कडेला घेतली. विचारलं, "बाबाच ना?"

तिने मुठीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग दूधवाल्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "नाही गं. हा त्यांचा हात नाही."

मी इंजिन बंद केलं.

"लहान आहे," आई म्हणाली.

मागे चादरी होत्या. मी गाडी सुरू केली आणि घरी आले. दुसरं काय करणार होते? पण एवढे दिवस मी कुणाशी बोलत होते, हे वाटेत मनात येत राहिलं.

भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी चेष्टा केली नाही. भंगारवाल्याकडे गेले. त्याला फारसं आठवत नव्हतं. ती व्हॅन मागून चेपलेली आली होती, पुढचा भाग धड होता, म्हणून बॉक्स काढून ठेवला. बाकी गाडी कापून गेली. कुणाची होती, कुठून आली, आत कोण होतं, त्याला माहीत नव्हतं.

भाऊजी म्हणाले, बॉक्स काढून टाकतो, दुसरा शोधू. मी लगेच हो म्हटलं.

नको म्हणाली ती आई.

मी समजावलं, ताईने येऊन समजावलं. आई ऐकून घ्यायची आणि नको म्हणायची. शेवटी मीच चिडून विचारलं की तुला त्याचं काय एवढं.

"मी बसत जाईन ना शेजारी," ती म्हणाली. "सोडलं तर पडेल गं ते."

तेव्हापासून आई रोज येते. उतार लागला की माझ्या आधी तिचा हात मुठीवर जातो. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते आणि तिकडे बघत नाही. कधीकधी ती काहीतरी पुटपुटते. गाडीत आवाज नसतो, तरी मला शब्द कळत नाहीत. एक मात्र खरं, आता ती जेवते. झोपही लागते. ताईला वाटतं, आई सावरली.

मला तसं वाटत नाही.

तिच्या उजव्या हाताला आता काही कळत नाही. गरम तवा लागला तरी कळत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सुई टोचून बघितली. नसा ठीक आहेत म्हणाले, मनाचं असेल, धक्का बसलाय.

असेल.

परवा जेवायला बसलो होतो. आई डाव्या हाताने घास घेत होती. उजवा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. पूर्ण नाही... मधे काहीतरी असावं इतकी.

आणि तिचा अंगठा हलत होता. सावकाश, पुढेमागे. झोपलेल्या मुलाचा हात कुरवाळावा तसा.

गाडी बाहेर उभी होती. बंद.

मी तिला भात वाढला. विचारलं काही नाही.