चौऱ्याहत्तर किलो तीनशे ग्रॅम

म्युनिकच्या बाहेर, जुन्या धावपट्टीच्या कडेला त्यांची शेड होती. त्या सकाळी दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. आल्प्सचे डोंगर अगदी खिडकीशी आल्यासारखे दिसत होते. अशा वाऱ्यात निम्म्या बव्हेरियाचं डोकं दुखतं, तसं बुर्गीचंही दुखत होतं. दहाच्या सुट्टीत झावरने आणलेला मांसाचा गरम पाव तिने कागदात तसाच ठेवला होता.

"खा की पोरी," झावर म्हणाला. साठीला आलेला हा गडी क्रेन चालवायचा. "वजन यानाचं करायचंय, तुझं नाही."

ती हसली नाही. यान क्रेनच्या हुकाला लटकत होतं. सामान घेऊन अंतराळात जायचं, पॅराशूटने समुद्रात उतरायचं, धुऊनपुसून पुन्हा उडायचं, असं त्याचं काम. कंपनी एवढीशी आणि यानं दोनच. पहिलं समुद्राच्या तळाशी गेलं होतं. दुसरं हे. बारा वाजता ट्रक बंदराकडे निघणार होता. तो चुकला तर रॉकेटमधली जागा दुसऱ्या कुणाला जाणार आणि या शेडला कुलूप लागणार. ट्रक हलायला वजनाच्या कागदावर बुर्गीची सही हवी होती.

पहिल्या यानाच्या कागदावरही तिचीच सही होती. त्या दिवशी वजनकाटा शून्यावर आणायच्या आधी तिने "करू का?" असं ओरडून विचारलं होतं आणि पॅराशूटं बांधणारा फाइट म्हणाला होता, "पास्ट." या मुलखात पास्ट, म्हणजे 'जमलं', कशालाही म्हणतात. बूट पायात बसला तरी पास्ट, लग्न ठरलं तरी पास्ट. फाइटला म्हणायचं होतं की यानाचा पट्टा नीट बसलाय. तिला वाटलं, शून्य कर म्हणतोय. तो काट्यावरच उभा होता. काट्याने त्याच्यासकट शून्य धरलं आणि तो खाली उतरल्यावर यान तेवढंच हलकं भरलं. त्या खोट्या वजनावर पॅराशूटं बेतली गेली. यान भलत्या ठिकाणी, भलत्या वेगाने, न्यायला आलेल्या बोटीवरच कोसळलं. बोटीवर फाइट होता. तो सापडला नाही.

या यानाची पॅराशूटं त्यानेच जायच्या आधी घडी घालून ठेवली होती. ती एकदा तरी आकाशात उघडलेली बघायची, एवढ्यासाठी बुर्गी टिकून होती. नाहीतर तिने ही नोकरी केव्हाच सोडली असती.

तेव्हापासून दोन नियम झाले. शून्य करण्याआधी प्रत्येकाने पिवळ्या रेघेमागे उभं राहून आपलं नाव सांगायचं. आणि यानातल्या वस्तूंच्या यादीत बिननावाचं वजन चालणार नाही, मग तो चिकटपट्टीचा तुकडा का असेना.

"झावर."

"सोलेन." ही कंपनीची मालकीण, फ्रेंच. रात्रभर झोपली नव्हती.

"बुर्गी." तिने शून्य केलं. यान काट्यावर उतरलं. यादीची बेरीज सोळाशे बारा किलो. काटा म्हणाला, पंधराशे सदतीस पॉइंट सात.

"क्रेनच्या हुकावरच्या काट्यावर तर सोळाशे बारा दिसत होतं," झावर म्हणाला.

"हुकाचा आकडा सहीला चालत नाही."

पुन्हा यान उचललं. पुन्हा नावं घेतली. पुन्हा पंधराशे सदतीस पॉइंट सात. तिसऱ्यांदाही तेच.

"चौऱ्याहत्तर किलो तीनशे ग्रॅम," सोलेन म्हणाली. "बुर्गी, काट्यावर कोण उभं होतं?"

"कुणी नाही."

"मग दुरुस्त कर ना बाई. अकरा वाजून गेले." ती फोन घेऊन बाहेर गेली.

बुर्गीने आकडा पुन्हा वाचला. फाइट किती वजनाचा होता ते तिला ठाऊक होतं. चौकशीच्या कागदांत ते दर पानावर होतं.

यान वर गेलं होतं. काट्याची लोखंडी फळी रिकामी होती आणि आकडा शून्यावर.

"झावर, थांब जरा." ती रेघेपाशी गेली. आपण काय करतोय याची तिला लाज वाटली, पण लाज धरण्याइतका वेळ नव्हता. "फाइट," ती म्हणाली. "चूक माझी होती. खाली उतर ना रे."

वाऱ्याने पत्रा वाजला. मग आकडा हलला. उणे बारा. उणे चाळीस. माणूस आधी एक पाय खाली टाकतो, मग दुसरा, तसा. उणे चौऱ्याहत्तर पॉइंट तीनवर तो थांबला.

झावरने छातीवर क्रूस काढला.

तिने शून्य केलं. यान उतरलं. बरोबर सोळाशे बारा. कागद छापून निघाला तेव्हा बुर्गी रडत होती. फोन संपवून आत आलेल्या सोलेनने तिला मिठी मारली आणि ती ट्रकवाल्याला शेडचं दार उघडायला सांगायला धावली.

साडेअकरा झाले होते. झावरने यान उचललं.

"बुर्गी."

हुकावर सोळाशे शहाऐंशी पॉइंट तीन.

यानाचं दार सकाळीच बंद करून त्याला सील लावलं होतं. सील जसंच्या तसं होतं.

"उघडायचं का?" झावरने हळूच विचारलं.

उघडलं तर सगळं पहिल्यापासून. दोन दिवस. ट्रक नाही, कंपनी नाही. न सांगता पाठवलं तर समुद्रावर पुन्हा बोट, पुन्हा माणसं.

तिने संगणकावर यादी उघडली. शेवटी एक ओळ वाढवली. वजन, चौऱ्याहत्तर पॉइंट तीन. नाव, फाइट आंगेरर. पॅराशूटांचं गणित आपोआप बदललं आणि हिरवं झालं. एवढं वजन ती सहज पेलत होती.

पुढचा रकाना होता. सजीव की निर्जीव?

तिने हुकाकडे पाहिलं. शेवटचा अंक हलत होता. तीन, दोन, तीन. दोन.

"वारा असेल," झावर म्हणाला.

शेडचं दार अजून बंदच होतं, वारा आत येत नव्हता. तिने घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा, श्वास चालावा तसा.

तिने 'सजीव' निवडलं. नवा रकाना उघडला. हवा किती तास पुरेल? मालवाहू यानात हवा नसते. तिने शून्य लिहिलं. सहीची जागा नाहीशी झाली.

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. सोलेन दारातून ओरडली, "बुर्गी, झालं का?"

बुर्गीने 'निर्जीव' निवडलं आणि सही केली.

हुकावरचा आकडा हलायचा थांबला.