पुकासिर्कावरची हाक

मेलितोन निघाला होता तो पोरीला दिलेला शब्द पाळायला. तो तांब्याच्या खाणीत कामाला होता. चौदा दिवस खाणीत, सात दिवस घरी, अशी त्याची आठ वर्षं गेली होती, आणि त्याची नेलिदाही आठच वर्षांची होती. बाप म्हणून तो तिच्या वाट्याला आला तो पाहुण्यासारखाच. दर खेपेला ती विचारी, "बाबा, पुकासिर्काच्या डोंगरावर कधी न्यायचं?" आणि दर खेपेला तो म्हणे, "पुढच्या वेळी, चिमणे." त्या ऑगस्टात मात्र त्याच्याजवळच्या सबबी संपल्या.

बायको, बासिलिया, पहाटेच मेंढ्या घेऊन माळावर गेली होती. ऑगस्ट म्हणजे तिथला ऐन हिवाळा, बाहेर हाडं गोठवणारा गारठा होता. पोरीला ऊबदार काहीतरी घालावं म्हणून त्याने कोपऱ्यातलं गाठोडं सोडलं आणि एक लाल स्वेटर बाहेर काढला.

"हा घालू? आई ओरडेल हं," नेलिदा म्हणाली. पण डोळे लकाकत होते.

"आईला मी बघतो. तू घाल मुकाट्याने."

बाह्या हातभर लांब होत्या. वाढत्या अंगाचा म्हणून घेतला असेल, असं त्याला वाटलं, आणि दोघं निघाले.

चढताना पोरीच्या तोंडाला खळ नव्हता. खिंडीतल्या दगडांच्या राशीवर दोघांनी एकेक दगड ठेवला. मेलितोनने डोंगराला कोकाची तीन पानं वाहिली.

"डोंगराला पानं आवडतात?"

"तुला गोळ्या आवडतात तशी."

"मग त्याचे पण दात किडले असतील, बाबा."

तो इतका हसला की दम लागून खाली बसला. इतकी वर्षं आपण हे कुठे घालवलं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचा राग आला.

दुपारच्या सुमारास ते माथ्यावर पोचले. माथ्यावर गंजलेला लोखंडी क्रूस आणि त्यापलीकडे नुसती पोकळी. सकाळपासून घोंघावणारा वारा तिथे एकाएकी पडला होता. गंधकासारखा उग्र वास येत होता, आणि स्वतःच्या छातीची धडधड ऐकू यावी इतकं शांत होतं. नेलिदा क्रुसामागे काय आहे ते बघायला धावली. पायाखालची खडी सरकली.

त्याने तिचं मनगट पकडलं. क्षणभर पोर हवेत लोंबकळली, खाली काहीच नव्हतं. मग त्याने तिला ओढून छातीशी घेतलं.

ती रडली नाही. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. हातात दिलेला उकडलेला बटाटा हातातून गळून पडला.

मेलितोनला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पोर असं दचकलं की जीव तिथेच राहतो, घरी येतं ते नुसतं अंग, आणि मग तेही दिवसागणिक सुकत जातं. हे त्या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यातून ऑगस्ट. ऑगस्टात धरणी भुकेली असते. उपायही सगळ्यांना ठाऊक. पोराच्या अंगातलं कापड घ्यायचं, जिथे दचकलं त्या जमिनीवरून फिरवायचं, हाक मारायची, आणि घर येईपर्यंत मागे बघायचं नाही. मागून येणाऱ्या जिवाकडे बघितलं की तो परत फिरतो.

त्याने तिच्या अंगातला लाल स्वेटर काढला, तिला आपल्या अंगरख्यात गुंडाळून खांद्यावर घेतलं, आणि स्वेटर खडीवरून फिरवत हाक मारली.

"नेलिदा, चल... घरी जाऊ. आई वाट बघतेय."

तिसऱ्या हाकेला खांद्यावरच्या पोरीने लांब श्वास सोडला. त्याने स्वेटर तसाच तिच्या अंगात चढवला.

उतरताना ती बोलायला लागली. भूक लागली म्हणाली, सगळे बटाटे एकटीने फस्त केले. मेलितोनला आभाळ ठेंगणं झालं. वस्तीजवळच्या फाट्यावर मात्र ती हात सोडवून वरच्या पाड्याकडे निघाली.

"अगं, कुठे? आपलं घर खाली."

ती थांबली. दोन्ही वाटांकडे आळीपाळीने बघत राहिली. "हो का?" म्हणाली, आणि गुमान त्याच्या मागे आली.

दारात बासिलियाने आधी स्वेटर पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिने पोरीच्या अंगातल्या स्वेटरची बाही चाचपली.

"हाक ह्या स्वेटरने मारलीस?"

"मग कशाने मारणार?"

"मेलितोन, हा दोमितिलाचा आहे रे..."

दोमितिला म्हणजे वरच्या पाड्यातली, नेलिदाच्या वर्गातली पोर. जूनमध्ये छातीत कफ होऊन गेली. पाचव्या दिवशी तिचे कपडे नदीवर धुतले, आणि तिच्या आईने हा एक स्वेटर मैत्रिणीला आठवण म्हणून दिला. वर्ष होईस्तोवर घालायचा नाही, म्हणून बासिलियाने तो बांधून ठेवला होता.

"मी नाव तर नेलिदाचंच घेतलं," मेलितोन पुटपुटला.

"नाव कुणाचंही घे. जीव येतो तो कापडाच्या ओळखीवर. आपल्या पोरीचे कपडे कुठले ते बापाला ठाऊक नको?" एवढं बोलून ती रडायला लागली.

पोर चुलीपाशी गाढ झोपली होती. बासिलियाने तिच्या अंगातला स्वेटर हलकेच काढून बाजूला ठेवला, आणि फळीवरून एक विणलेला कमरपट्टा उतरवला. जन्मल्या दिवशी नेलिदाला त्यातच गुंडाळलं होतं. तो दुसऱ्या कुणाच्याही अंगाला लागलेला नव्हता.

"उजाडताच जा. ह्याने बोलव. आणि आल्या आल्या तिच्या कमरेला बांध, मगच जीव अंगात शिरेल."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच चढला. दुपारी क्रुसामागच्या खडीवरून पट्टा फिरवून त्याने हाक मारली. काही झालं नाही. पाठ फिरवून तो निघाला, आणि खिंडीच्या अलीकडे त्याला मागे खडी वाजलेली ऐकू आली. हलकी पावलं, लहान, त्याच्या एका पावलाला दोन पडणारी. तो थांबला की ती थांबत. मेलितोनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागे न बघता तो बोलत राहिला. खाणीतल्या अंधाराबद्दल, तिथल्या पाणचट सुपाबद्दल, तिचा फोटो टोपीत कसा ठेवतो त्याबद्दल. आठ वर्षांत बोलला नव्हता इतकं बोलला. उतार खडा आला की तो पावलं आखडती घेई, मागचीला दम लागू नये म्हणून.

चारच्या सुमारास तो दारात पोचला तेव्हा आत हसणं चाललं होतं. नेलिदा आईकडून वेणी घालून घेत होती.

"देव पावला रे!" बासिलिया म्हणाली. "तू गेलास आणि लगेच उठली. सूप मागितलं, नाचली, मला आई म्हणून बिलगली."

"लगेच म्हणजे? मी हाक मारायच्या आधीच?"

"सकाळीच."

मेलितोन उंबऱ्याच्या आत उभा होता. पावलं दाराबाहेर येऊन थांबली होती.

"मग... माझ्या मागून कोण आलं?"

बासिलियाचा हात वेणीवर थबकला. तिने पोरीला घट्ट जवळ ओढलं. "ही माझीच आहे. मला माझी पोर कळत नाही?"

"तो पट्टा मला नको, बाबा," पोर म्हणाली. "काचतो."

"नको तर नको," बासिलिया घाईने म्हणाली. "दार लाव तू."

पट्टा बांधावा, तर ही खरी नेलिदा असल्यास तिच्या अंगात भलतंच काही शिरायचं. न बांधावा, तर... पुढचं त्याच्याच्याने मनातही म्हणवेना. नेलिदालाच माहीत असेल असं काहीतरी हिला विचारावं, असं त्याच्या मनात आलं. तो पोरीसमोर बसला, तोंड उघडलं, आणि बसूनच राहिला. सबंध वस्तीला ठाऊक नाही असं त्याला स्वतःच्या मुलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तिने त्याच्या गालावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

त्याने दार लावलं.

सकाळी दार उघडलं तेव्हा रात्रीच्या दहिवराने सगळं गोठून पांढरं झालं होतं. अंगण, कुंपण, छपराचं गवत, वाट. उंबऱ्याबाहेरच्या दगडावर मात्र एवढीशी जागा कोरडी होती. लहान मुलाने गुडघे पोटाशी घेऊन दाराला टेकून निजावं, तेवढीच. मेलितोन खाली बसला आणि त्याने तिथे तळवा ठेवला. दगडाला ऊब होती.

"बाबा," आतून आवाज आला, "दार लाव ना. गारठा आत येतोय."