शिष्टरबाईंची पडकई

"कुल्फी कशी दिली?"

आहुप्याच्या वाटेवर एसटी बंद पडलेली, डोक्यावर कार्तिकातलं ऊन, मांडीवर लशीचा निळा डबा... आणि वर हा प्रश्न! नूतननं मान वर केली. एम-एटी गाडीवरून एक पाय जमिनीला टेकवून तो उंच, सावळा माणूस अगदी भोळेपणानं डब्याकडे बघत होता.

"टोचून देते," ती म्हणाली. "दंडावर घेता की कमरेवर?"

त्याची नजर डब्यावरून तिच्या पांढऱ्या साडीवर गेली आणि बिचाऱ्याच्या कानशिलं तापली. "अगं आय्य... शिष्टरबाई व्हय तुमी! चुकलं, राव."

"बर्फ वितळला तर लस वाया जाईल, भाऊ. मग तुम्हालाच धरीन."

"मग बसा की मागं. डबा मधी ठिवा... म्हंजे कुणी काय बोलायला नको."

डबा मध्ये ठेवला. बोलणारे बोललेच, ते सोडा!

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. नूतन तेव्हा अठ्ठावीसची. तीन वर्षांपूर्वी नवरा अपघातात गेला, तेव्हा लेक श्रेया जेमतेम सव्वा वर्षाची होती. डिंगोऱ्याचं सासरचं घर बंद करून ती सासूला, कुशाबाईला, घेऊन या डोंगरातल्या उपकेंद्रात नोकरीला आली होती. आणि तो ज्ञानेश्वर, आहुप्याचा शेतकरी. चार बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं.

त्यानंतर लसीकरणाच्या बुधवारी नेमकं त्याचं काम त्याच वाटेला निघायला लागलं.

"आज कुठं?"

"तिकडंच."

"तिकडं म्हणजे?"

"तुमी जाल तिकडं..."

नूतन हसू दाबायची. वर्षभरात 'भाऊ' कधी गळून पडला, तिचं तिलाही कळलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर पत्र आलं. आरोग्य सहायिकेचं प्रशिक्षण, सहा महिने, पुण्यात. तालुक्यातून एकटीचीच निवड! तिला नाचावंसं वाटलं. आणि दोनच मिनिटांत डोळ्यांसमोर श्रेया आली. शाळा दोन कोस लांब, सासूबाईंचे गुडघे धरलेले. पोरीला कोण नेणार, कोण आणणार? त्यात संध्याकाळी श्रेयाचं लशीचं कार्ड हाती लागलं आणि ती मटकन खालीच बसली. पाच वर्षांचा डोस राहिला होता. अख्ख्या डोंगरातल्या पोरांच्या तारखा तिला तोंडपाठ, आणि घरचीच लेक राहिली होती!

सकाळी ज्ञानेश्वर आला, तेव्हा नकाराचं पत्र लिहून तयार होतं.

"कसली आई मी?" डोळे पुसत ती म्हणाली. "आहे ती नोकरी करून ही गत, वर बढती कशाला हवी?"

त्यानं अंगणात खेळणाऱ्या श्रेयाकडे पाहिलं. "पोरगी धडधाकट हाय, दात काढून हसतीय. आत्ता टोचा. रडायचं ते तिला रडू द्या की, तुमी कशाला रडताय?"

रडता रडता तिला हसू फुटलं.

"आन् शाळेत नेणं-आणणं मी करतो," तो हळूच म्हणाला. "सहा महिनं. पडकई समजा."

पडकई ही डोंगरातली जुनी रीत. भाताच्या आवणीला आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. रोपं लावायची ती एकमेकांच्या हातानं, कामाला काम. फक्त घरच्या माणसाची पडकई धरत नाहीत. घरचं माणूस राबतं ते आपल्याच खाचरात.

"एवढी पडकई मी फेडू कशी? मला आवणी येत नाही."

"शिकिवतो की. तुमच्यासारखंच काम हाय, टोचायचं. फक्त चिखलात."

आतून कुशाबाई कडाडली, "फाड ती चिठ्ठी, पोरी! माझं गुडघं गेल्यात, जीभ न्हाई गेली. कोण काय बोलतंय ते मी बघते!"

नूतननं पत्र फाडलं. त्याच सकाळी श्रेयाला टोचलंही.

पुण्यातले सहा महिने सोपे नव्हते. दर रविवारी ती गावातल्या दुकानात फोन लावायची आणि पलीकडून श्रेया सांगायची, "आई, काका वेण्या घालतो. एक वर जाती, एक खाली!" नूतन हसायची, मग वसतिगृहात जाऊन उशीत तोंड खुपसून रडायची, आणि उठून पुन्हा पुस्तक उघडायची. परीक्षेत ती पहिली आली.

आषाढात ती परतली. एसटीतून उतरली ती घरी गेलीच नाही, थेट ज्ञानेश्वरच्या खाचराकडे. बांधावर इरलं पांघरून कुशाबाई, मांडीवर श्रेया. लेकीला छातीशी घट्ट धरून मुके घेतले, पदर खोचला आणि नूतन सरळ चिखलात उतरली.

"शिष्टर! साडी..." ज्ञानेश्वर ओरडला.

"रोपं द्या इकडं."

पहिली रांग वाकडी गेली. दुसरी जरा बरी. पाऊस पाठीवर झिमझिमत होता, आवणीला आलेल्या बाया गाणं म्हणत होत्या. शेजारी वाकलेला तो हळूच म्हणाला, "एक दिस फिटला तुमचा. आजून लई बाकी हाय."

"मी पडकई फेडायला आलेच नाही."

त्याच्या हातातली रोपं तशीच राहिली. "मग?"

"घरच्या माणसाची पडकई धरतात का हो?"

बायांचं गाणं थांबलं. तो चिखलातच सरळ उभा राहिला. नूतननं नजर खाली केली नाही.

"नोकरी मात्र सोडणार नाही," ती म्हणाली. "आता तर चार गावं वाढलीत."

"सोडा म्हनलंय कुणी?" तो म्हणाला. "मंग एम-एटीवर मी कुणाला न्यायचं... नूतन?"

'शिष्टर' नाही. नूतन.

"मेल्या, सरळ हो म्हण की!" बांधावरून कुशाबाई गरजली. पदरानं डोळेही टिपत होती. "पावसात बसून माझं गुडघं आखडलं!"

"हो!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की पलीकडच्या खाचरातली माणसंही हसायला लागली.

आणि नूतननं वाकून पुढचं रोप लावलं, आपल्याच खाचरात.